शंकरराव वर येत नाहीत

शंकररावांनी तीन वर्षांत आमच्या घरात एकदाही पाऊल टाकलं नाही, आणि तीन वर्षं मी त्याचा राग धरून होते. हा राग मला वेगळा तयार करावा लागला नाही. आमच्या घरात तो आजोबांपासून चालत आलेला आहे, फक्त माणूस सापडायचा बाकी होता.

शंकरराव आमच्या बँडचे ड्रायव्हर. मला, सोहमला आणि भूपेशला गावोगावी घेऊन जायची ती त्यांची पांढरी ईको. बँडचं नाव 'पाणी उद्या'. उल्हासनगरात राहणाऱ्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. मी बेस गिटार वाजवते आणि गाते, आईच्या मते नुसती ओरडते. सोहम अंबरनाथचा, दिवसा एका केमिकलच्या कारखान्यात लॅबमध्ये असतो आणि उरलेला वेळ गिटारवर. भूपेश ड्रम वाजवतो. त्याच्या घरचं जीन्सच्या चेन आणि बटणांचं दुकान आहे, उल्हासनगरातल्या कॅम्प पाचमध्ये. आमच्या गाण्यांना पंक म्हणतात. तीन सूर, दोन मिनिटं, आणि जे बोलायचं ते तोंडावर. ऐकायला कधी दोनशे माणसं येतात, कधी नऊ.

दौऱ्याच्या सकाळी ईको आमच्या बिल्डिंगसमोर यायची. आमचं घर शहाड स्टेशनच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. पप्पांनी ते शहाण्णव साली घेतलं. आजोबांचं आयुष्य नाल्याकाठच्या झोपडीत गेलं, त्यामुळे या घराचा पप्पांना भारी अभिमान. राहायला आल्यावर त्यांनी पहिला खिळा बाबासाहेबांच्या तसबिरीसाठी ठोकला. खिळा आत गेला तशी भिंतीतून वाळू भुरभुर खाली आली. पप्पांनी ती ओंजळीत धरली आणि आईला म्हणाले, बघ, आपल्या घराची माती. ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. पाहुणे कंटाळतात, पण आमचे पप्पा कंटाळत नाहीत.

ईको दिसली की पप्पा गॅलरीतून हात करून ओरडायचे, "शंकरराव, या ना वर, चहा घेऊन जा!"

शंकरराव खालून हात जोडायचे. "नको साहेब, उशीर होतो."

ते आमच्या बिल्डिंगच्या सावलीतसुद्धा थांबायचे नाहीत. रस्ता ओलांडून समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसायचे आणि वर बघत राहायचे. मला वाटायचं, आईच्या कुंड्या बघतात. आई मुद्दाम चांगल्यातला कप काढायची, बशीसकट, आणि मी तो तीन मजले उतरून, रस्ता ओलांडून त्यांना नेऊन द्यायचे. चहा पिऊन झाला की गिरणीच्या नळावर कप विसळून परत माझ्या हातात द्यायचे. बाहेरगावी मात्र हाच माणूस माझ्या डब्यातली सुकट आणि भाकरी माझ्या शेजारी बसून बोटं चाटत खायचा. बाहेर चालतं, घरात चालत नाही, अशी माणसं मी शाळेपासून पाहिलीत. पप्पा म्हणायचे, "जाऊ दे गं, जुनी माणसं." मला पप्पांच्या त्या 'जाऊ दे'चाही राग यायचा. पण इतक्या कमी भाड्यात ड्रम, अँप्लिफायर आणि आम्हा तिघांना घेऊन बेळगावपर्यंत जाणारा दुसरा माणूस मिळत नव्हता, म्हणून मी गप्प बसायचे. गरजवंताला अक्कल नसते.

शंकरराव मूळचे सांगोल्याकडचे. सोळाव्या वर्षी बिगारी म्हणून इकडे आले, घमेली वाहिली, मग करणी हातात घेतली, गवंडी झाले आणि तिशीच्या आत स्लॅब टाकणाऱ्या टोळीचे मिस्त्री झाले. उल्हासनगरात बघता बघता चार-पाच मजले चढत होते तो काळ. दिवसाला एक स्लॅब टाकायचे म्हणे. मग एकाएकी काम सोडलं. रिक्षा चालवली, पुढे ईको घेतली. आठवडाभर शाळेची मुलं आणि सुट्टीला आम्ही.

हे सगळं मला त्यांच्या बायकोनं, अंजनीकाकूंनी सांगितलं. बदलापूरजवळ खरवईत त्यांचं घर आहे. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मधे हे एक बसकं घर, वर पत्रे. मे महिन्यात आत पाच मिनिटं बसवत नाही.

"पोरगा म्हणतो स्लॅब टाकू," काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तर हे म्हणत्यात, माज्या डोक्यावर पत्राच बरा. पडला तर टेंगूळ येईल, बास."

आम्ही सगळे हसलो. शंकरराव उठून गाडी पुसायला गेले.

त्यांची भीती आम्हाला पहिल्याच दौऱ्यात कळली होती, आणि आम्ही तिची यथेच्छ टिंगल केली होती. कुठल्याही ठिकाणी वाजवायला गेलो की आधी शंकरराव आत जायचे. आधी वर बघायचे. मग खिशातून जुनी करणी काढून तिच्या लाकडी मुठीनं खांब ठोकायचे, भिंत ठोकायचे आणि कान लावून ऐकायचे. नाशिकला एका कॅफेच्या तळघरात त्यांनी मालकासमोर आमचे मांडलेले ड्रम उचलायला लावले. "इथं नको. त्या खांबाला चिकटून मांडा." पुण्यात एका हॉलमध्ये ते आमचा कार्यक्रम होईस्तोवर दार उघडं धरून उभे राहिले. लोकांना वाटलं, हा बाउन्सर. पन्नास किलोचा बाउन्सर! रात्री आम्ही कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर पडायचो, आणि हे मात्र गाडीतच, पाय दुमडून. भूपेशनं मोठ्या ड्रमवर पहिला ठोका मारला की यांचा हात छातीवर जायचा.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," सोहम म्हणायचा.

आमच्या एका गाण्याचा शेवट असा होता: पाणी उद्या, लाइट उद्या, रस्ता उद्या, मरण आज. लोक तो आमच्याबरोबर ओरडायचे. शंकररावांनी मला एकदा बाजूला घेतलं. "ताई, बाकी गाणं झ्याक आहे. पण ते 'मरण आज' काढा ना. उद्याच म्हणा की तेही." मी हसून सोडून दिलं. पंक बँडला गाणं सौम्य करायला सांगणारा ड्रायव्हर आम्हालाच मिळायचा होता.

मग ते आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीवर आले, आणि तिथून मला टिंगल करणं जड जायला लागलं.

ही खोली भूपेशच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर होती. आधी तिथे जीन्स शिवायचा कारखाना होता. पंख्यावर, खिडकीच्या गजांवर अजून निळा भुरा चिकटलेला. वर चार मजले, चौदा घरं. तिसऱ्या मजल्यावर भूपेशचे मम्मी-पप्पा, आजी आणि बहीण. एरवी ईको कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबायची आणि आम्ही सामान तिथवर वाहायचो. त्या दिवशी सोहमचा हात मुरगळला होता, म्हणून शंकरराव अँप्लिफायर उचलायला आत आले. म्हणजे दारापर्यंत आले. उंबऱ्यावर थांबले, वर तुळईकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"भूपेशशेठ, या बिल्डिंगीचं नाव आधी दुसरं होतं का?"

"हां काका, सोसायटी झाली तेव्हा बदललं. आपको कैसे पता?"

"असंच," म्हणाले आणि मागे सरकले. सोहमनं मुरगळलेल्या हातानं अँप्लिफायर बाहेर नेला.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीच्या काचेचे बोटभर रुंद तुकडे घेऊन आले. तुळईवर एक भेग होती, आम्ही ती कधी नीट पाहिलीसुद्धा नव्हती. शंकरराव स्टुलावर चढले, भेगेवर तीन ठिकाणी आडव्या काचा सिमेंटनं चिकटवल्या, प्रत्येकीवर मार्करनं तारीख घातली. तारीख वाकडी आली.

"काच शाबूत आहे तवर भेग जागच्या जागी आहे," ते म्हणाले. "काच फुटली की समजायचं, चालायला लागली. मग चप्पल शोधत बसायचं नाही. आणि ताई, तो ढोल हितं वाजवू नका. वर माणसं राहतात."

"काका, तुम्हाला काय माहितीये ते सांगा सरळ."

"काही नाही. अंदाज."

माणूस खोटं बोलतोय हे कळायला मला लॅब लागत नाही. पण काय खोटं, ते कळत नव्हतं. इंजिनिअरला दाखवा, म्हणाले. भूपेशच्या पप्पांनी सोसायटीच्या चेअरमनना विचारलं. चेअरमन हसले. वर्षभरापूर्वी कुठल्याशा बिल्डरची दोन माणसं असंच सांगून गेली होती: इमारत धोक्याची आहे, खाली करा, आम्ही नवी बांधून देऊ. तेव्हापासून त्या बिल्डिंगीत जो कोणी 'भेग' म्हणेल तो बिल्डरचा माणूस, असं ठरून गेलं होतं. आधी घर सोडायचं आणि मग आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदलत चकरा मारायच्या, हे सगळ्यांनी कुणाकुणाचं पाहिलेलं. त्यामुळे शंकररावांचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भूपेशची मम्मी, आमची आंटी, तेवढी भूपेशला तिच्या सिंधी लाडात म्हणाली, "देखने में क्या जाता है, पुट? दिया लगाती हूँ, कांच भी देख लूँगी." तेव्हापासून ती रोज संध्याकाळी दिवा लावून खाली यायची, खोली उघडायची, वर बघायची आणि भूपेशला सांगायची, तीनों ठीक.

आम्ही वाजवणं थांबवलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू. तीन ठिकाणांहून आवाजासाठी हाकललं गेलो होतो, ही चौथी खोली. मोठ्या ड्रममध्ये गोधडी कोंबली, माझा आवाज निम्म्यावर आणला आणि मनाची समजूत घातली. पण माझी नजर सारखी वर जायला लागली. बेसचा खालचा सूर धरला की भूपेशच्या लहान ड्रमवर काहीतरी पडायचं आणि कातड्यावर उड्या मारायचं. आधी मला तो निळा भुरा वाटायचा. एकदा बोट लावून पाहिलं, तर वाळूसारखी कच होती. मी ती पुसून टाकली आणि कुणाला बोलले नाही. त्या दिवसापासून घरी येऊन अंथरुणावर पडले की डोळ्यांसमोर आजी यायची, भूपेशची, तिसऱ्या मजल्यावर पलंगावर बसून बटणं निवडणारी.

गेल्या जानेवारीत आम्ही चार गावांच्या दौऱ्यावर निघालो: पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव. दौरा म्हटलं की लोकांना काहीतरी झगमगीत वाटतं. आमचा दौरा म्हणजे मांडीवर झांजा घेऊन बसणं, सकाळी ढाब्यावर दात घासणं, टी-शर्टांच्या पिशवीवर डोकं टेकून झोपणं. या खेपेला मोठे ड्रम आम्ही नेले नव्हते, जिथे वाजवायचं तिथले वापरणार होतो. भूपेशचा मोठा ड्रम खोलीतच राहिला होता. पुण्यात साठ माणसं आली आणि त्यातली वीस गाणी पाठ असलेली. साताऱ्यात कॉलेजनं आयत्या वेळी नकार दिला, म्हणून एका मुलाच्या गच्चीवर वाजवलं. शंकररावांनी त्या गच्चीवर आम्हा सगळ्यांना काठाला उभं केलं, मधे कुणाला येऊ दिलं नाही. संध्याकाळ झाली की भूपेशचा फोन वाजायचा, तीनों ठीक, आणि शंकरराव स्टिअरिंगवरची बोटं सैल करायचे. मी ते आरशात बघायचे. माझीही बोटं तेव्हाच सैल व्हायची.

कोल्हापूरला दुपारी चार वाजता आम्ही आवाज तपासत होतो. भूपेशचा फोन वाजला नाही, नुसता थरथरला. फोटो आला होता. आंटी त्या दिवशी बाजारात जायची म्हणून लवकर खाली उतरली होती. तुळई, भेग आणि मधली काच. काच मधोमध फुटली होती, आणि दोन तुकड्यांत नखभर अंतर पडलं होतं. खाली आंटीनं लिहिलं होतं, पुट, ये वाला टूट गया.

शंकररावांनी फोटो पाहिला. "बाहेर काढा. सगळ्यांना. आत्ता."

भूपेशनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. आंटी म्हणाली, आजीला कशी उतरवू, तिचे गुडघे. भूपेशचे पप्पा म्हणाले, दुकानात माणूस आलाय, रात्री बघतो. चेअरमनना बोलावलं. ते फोनवर आले आणि आमच्यावरच तडकले. "एक ड्रायव्हर के बोलने पे चौदा घर रोडपे लाऊँ? ऊपर से म्युनिसिपालटी का सील लग गया तो? कौन खोलेगा, तू? काच है, लड़के बजाते हैं, टूट गया. बिल्डर ने कितना दिया है उसको, पूछ ज़रा."

भूपेश रडायला लागला. मी त्याला इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. अन् मग शंकररावांनी त्याच्या हातातून फोन घेतला. फोन दोन्ही हातांत धरला, देवळात नारळ धरावा तसा.

"साहब, बिल्डर का आदमी था मैं. अभी नहीं, तब. पंच्याण्णव साल. वो स्लॅब मैंने डाला है. सारे मैंने डाले."

शंकरराव थांबले नाहीत.

"उसमें रेती नहीं है. दगड की भुकटी है. सळई नऊ इंच पे होना था, शेठ बोला एक आड एक निकालो. मैंने निकाला. मैं मिस्त्री था, मेरे को मालूम था. मैंने निकाला, साहब."

"ऐसे कोई भी बोलेगा," चेअरमन म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"बहनजी है क्या उधर? बहनजी, आपके किचन के खिडकी का छज्जा. बारिश का पानी बायें कोने से गिरता है ना? सीधा नहीं गिरता. उस दिन मैं ओळंबा घर पे भूल गया था. अंदाज से बांधा. वो छज्जा टेढ़ा है."

मग आंटी बोलली, आमच्याशी नाही, तिकडेच कुणाशी तरी. "सच बोल रहा है ये. तीस साल से पानी उधर से ही गिरता है."

साडेपाचपर्यंत चौदाही घरं रस्त्यावर होती. आजीला खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. जवळच सिंधी लोकांचा दरबार, म्हणजे देवस्थान आहे, त्यांच्या हॉलमध्ये सगळ्यांची झोपायची सोय झाली. आंटीनं प्रत्येक टप्प्याला फोन केला. चेअरमन शेवटी उतरले, कुलूप लावून. जाताना फोनवर भूपेशला म्हणाले, कल तक कुछ नहीं हुआ ना, तो उस बुड्ढे को मैं छोड़ूँगा नहीं.

त्या संध्याकाळी आम्ही वाजवलं नाही. बेळगाव रद्द केलं. शंकरराव गाडीत बसून होते, जेवायला आले नाहीत. मी ताट नेऊन दिलं, तेही तसंच राहिलं. आमच्या तिघांच्या डोक्यात तेव्हा फक्त भूपेशचं घर होतं, त्यापुढचा प्रश्न कुणालाच सुचला नाही. 

पहाटे पाचला निघालो. सव्वासातला कराड मागे टाकलं आणि भूपेशचा फोन वाजला. आंटी नुसती ओरडत होती, आधी काही समजेना. सकाळी पाणी येतं त्या वेळी पंप आपोआप सुरू होतो. तो बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गच्चीवरची टाकी भरली, वजन वाढलं, आणि चौथ्या मजल्याचा स्लॅब तिसऱ्यावर, तिसऱ्याचा दुसऱ्यावर असा थेट खाली आमच्या खोलीत आला. आजीचा पलंग, बटणं, भूपेशचा मोठा ड्रम, सगळं एका ढिगात. माणूस एकही नाही. कुत्रंसुद्धा नाही, आंटी पुन्हा पुन्हा म्हणत होती, कुत्ता भी नहीं मरा, पुट, कुत्ता भी नहीं.

शंकररावांनी गाडी रस्त्याकडेला घेतली, दार उघडलं आणि उसाच्या शेताच्या कडेला वाकून ओकले. पोटात काही नव्हतंच. मी पाण्याची बाटली घेऊन मागे गेले. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. वाईट वाटत होतं, रागही येत होता, आणि चौदा घरांतली माणसं जिवंत होती म्हणून त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. तेव्हा मी विचारलं. सहज विचारलं, खरं तर.

"काका, अशा किती बिल्डिंगींचे स्लॅब टाकले होते?"

त्यांनी चूळ भरली. "तसल्या? सात."

"बाकीच्या कुठे आहेत?"

बोटं मोजायला लागले. "दोन पाडल्या, मागंच, माणसं काढून. ही एक, आजची. कॅम्प तीनला दोन. तिथं मी काचा लावून आलोय. कॅम्प चारला बाजाराच्या मागं एक. तिथं पण लावल्यात."

सहा बोटं झाली होती. सातवं बोट अंगठ्याखाली तसंच दुमडलेलं राहिलं. 

"आणि सातवी?"

ते माझ्याकडे बघेनात. "तिथं काच लावायची हिंमत झाली नाही, ताई. काच लावली असती तर कुणी विचारलं असतं, का लावली."

मला गिरणीची पायरी दिसली. वर बघत बसलेला माणूस दिसला. चांगल्यातला कप, बशीसकट. नको साहेब, उशीर होतो. ओंजळीत धरलेली वाळू दिसली, आपल्या घराची माती. सातवी इमारत आमची होती.

मी त्यांची कॉलर धरली. सोहम पळत आला. मी काय काय ओरडले ते आठवत नाही. तीन वर्षं तुम्ही माझ्या आईचा चहा प्यायलात, एवढं म्हटल्याचं आठवतं.

त्यांनी कॉलर सोडवून घेतली नाही. "दर खेपेला सांगायलाच लवकर यायचो. तुमचे पप्पा वरनं हात करायचे, हसायचे. मग जीभ उचलायची नाही. जेलची पण भीती होती. होती, नाही कसं म्हणू." मग हळूच म्हणाले, "वर यायला पाय व्हायचा नाही. मी टाकलेल्या स्लॅबवर बसून चहा कसा पिऊ?"

मी त्यांना सोडलं. आजवर जे कधी वाटलं नव्हतं ते त्या शेताच्या कडेला मला वाटलं. हा माणूस जात पाळणारा निघाला असता तर किती बरं झालं असतं. त्याच्याशी कसं भांडायचं ते आम्हाला येतं. 

साडेसात झाले होते. आमच्याकडे पाणी आठला येतं.

मी घरी फोन लावला, तो दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा पप्पांनी उचलला. मागे आईच्या मिक्सरचा आवाज येत होता.

"पप्पा, आईला घेऊन खाली या. आत्ताच्या आत्ता. चपला घालायला थांबू नका. शेजारच्यांनाही हाक मारा आणि रस्त्याच्या पलीकडे जा, गिरणीपाशी."

पप्पा हसले. गॅलरीत आले असावेत, रस्त्याचा आवाज मोठा झाला.

"का गं, शंकरराव आलेत का?" ते म्हणाले. "मग त्यांनाच वर घेऊन ये की. आज काही मी सोडत नाही त्यांना. म्हणावं, एकदा तरी घर बघून जा आमचं."